लघवी तपासल्याशिवाय अँटिबायोटिक घेऊ नका
धनज आणि पंचक्रोशीतल्या प्रत्येक घराला तातडीचं आवाहन

धनज, कामरगाव, उंबर्डा बाजार आणि आजूबाजूच्या गावांतल्या माय-बहिणींनो, वडीलधाऱ्यांनो, मेडिकलवाल्या भावांनो, एक विनंती आहे आणि ती आजपासूनच अमलात आणायची आहे. लघवीला जळजळ होते, सारखं जावंसं वाटतं, ओटीपोट दुखतं, म्हणून मेडिकलवरून अँटिबायोटिकच्या दोन-चार गोळ्या आणून खाणं बंद करा. डब्यात उरलेला जुना पत्ता काढून त्यातल्या गोळ्या घेणंही बंद करा. शेजारणीला ज्या गोळीनं बरं वाटलं तीच आणायला पोराला पिटाळू नका. आधी धनजच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, डॉक्टरांना दाखवा, लघवी तपासायला द्या. गोळी त्यानंतर.

आता यात एवढी घाई कसली, असं कुणी विचारेल. उन्हाळी तर दरवर्षी लागते. घाई अशासाठी की ज्या गोळ्यांच्या भरवशावर आपण हा आजार किरकोळ समजत आलो, त्याच आता निकामी होऊ लागल्या आहेत.

लघवीच्या मार्गात जंतू शिरून होणारा हा आजार जुना आहे आणि बहुतेक वेळा साधाही असतो. शंभरातल्या पंच्याहत्तर-ऐंशी रुग्णांत त्याचं मूळ एकच असतं, ई. कोलाय नावाचा जंतू. तो आपल्याच आतड्यात राहतो आणि तिथं असेपर्यंत सहसा कुणाचं काही बिघडवत नाही. तिथून तो मूत्राशयात चढला की जळजळ सुरू होते. मूत्रपिंडात पोचला की थंडी वाजून ताप भरतो, कंबरेच्या वर एका बाजूला ठणका लागतो. आणि रक्तात उतरला तर धडधाकट माणूसही एक-दोन दिवसांत अत्यवस्थ होऊ शकतो. पूर्वी नॉरफ्लॉक्सॅसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन यांसारख्या स्वस्त गोळ्यांनी तो मूत्राशयातच मरायचा. आज देशातल्या प्रयोगशाळांत लघवीतून वाढवलेल्या ई. कोलायवर या गोळ्या बहुतांश वेळा चालत नाहीत. ज्या सेफिक्सिमला खेड्यात ‘भारी गोळी’ म्हणून मान आहे, तिचीही गत फार वेगळी नाही.

त्याहून भारी काय, तर रुग्णालयात शिरेतून द्यायची, राखून ठेवलेली औषधं. इमिपेनेम हे त्यांतलं एक. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद २०१३ पासून देशातल्या मोठ्या रुग्णालयांतले जंतू तपासून त्यांची नोंद ठेवते. या नोंदींनुसार २०१७ मध्ये तपासलेल्या ई. कोलायपैकी शंभरातले सुमारे ८१ इमिपेनेमला दाद देत होते. २०२३ मध्ये ते प्रमाण सुमारे ६३ वर आलं. सहा वर्षांत एवढी घसरण. हे आकडे मोठ्या रुग्णालयांतले आहेत, तिथं आधीच चार ठिकाणची औषधं खाऊन आलेले रुग्ण असतात, त्यामुळं गावातल्या साध्या जळजळीचं चित्र इतकं वाईट नसतं. पण वारं कुठल्या दिशेला आहे ते यातून कळतं.

आणि हे दिल्ली-मुंबईचं दुखणं आहे असं समजू नका. आपल्या विदर्भातल्या सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय घ्या. हजार खाटांचं, ना नफा तत्त्वावर चालणारं, गरिबांचं म्हणून ओळखलं जाणारं. नेहमीच्या पाच घातक जंतूंवर कुठली औषधं चालतात याची तपासणी तिथं झाली, तेव्हा काही प्रमुख अँटिबायोटिक्सचा गुण पंधरा टक्क्यांच्याही आत आढळला. २०२२ साली ही गोष्ट जगभरच्या बातम्यांत आली. त्या पाचांत ई. कोलाय होता, आणि लघवीच्या आजारातला त्याचा जोडीदार क्लेबसिएलाही होता. वर्ध्याच्या त्या रुग्णालयात येणारी माणसं आपल्यासारखीच आहेत: कापूस-सोयाबीनवाली, मजुरीवाली. वरच्या दर्जाची इंजेक्शनं त्यांच्या ऐपतीबाहेर असतात.

हे असं का होतं, हे कापूस लावणाऱ्या माणसाला शिकवायची गरज नाही. बीटी कापूस २००२ साली आला आणि बोंडअळी गेली असं आपण मानलं. २००६ मध्ये दोन जनुकांचं बियाणं आलं. पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची वेगळी पुडी मिळायची, ती बांधाकडेनं लावा म्हणून सांगायचे, म्हणजे बीटीला दबणाऱ्या अळ्यांचीही पैदास चालू राहील आणि न दबणारी जात एकटी माजणार नाही. किती जणांनी ती पुडी लावली? बहुतेकांनी फेकली. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली बोंडं आतून पोखरली तेव्हा बियाणं तेच होतं, अळी बदललेली होती. जंतूचंही असंच चालतं. अँटिबायोटिक पोटात गेलं की औषधाला दबणारे जंतू मरतात, न दबणारे थोडे उरतात, आणि रिकाम्या झालेल्या जागेत त्यांचीच पिलावळ वाढते. अळीची पिढी बदलायला महिना लागतो. ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो.

जंतूकडं आणखी एक विद्या आहे जी अळीकडं नाही. औषध पचवायची युक्ती तो जनुकांच्या एका छोट्या वेटोळ्यात साठवतो आणि ते वेटोळं शेजारच्या, वेगळ्या जातीच्या जंतूलाही देऊन टाकतो. २००८ च्या जानेवारीत स्वीडनमध्ये एका भारतीय वंशाच्या गृहस्थाच्या लघवीत क्लेबसिएला सापडला. ते नुकतेच नवी दिल्लीत रुग्णालयात राहून गेले होते. त्या जंतूजवळ इमिपेनेमच्या कुळातली औषधं फोडणारं एक नवंच विकर होतं. संशोधकांनी त्याला नवी दिल्लीचं नाव दिलं, २०१० मध्ये त्यावरून आपल्याकडं मोठा गदारोळ झाला. नावावरचा राग समजण्यासारखा होता. पण त्या गदारोळात एक साधी गोष्ट मागं पडली, की जगाला हादरवणारं त्या विकराचं जनुक एका माणसाच्या लघवीच्या नमुन्यात सापडलं होतं.

असे हट्टी जंतू आतड्यात महिनोन्‌महिने गुपचूप राहतात. ज्याच्या पोटात ते असतात त्याला काही होत नाही, पण शौचानंतर नीट न धुतलेल्या हातांनी, पाण्यानं, स्वयंपाकानं ते घरातल्या दुसऱ्याच्या पोटात जातात. सासऱ्यांनी सर्दीसाठी उगाच खाल्लेल्या अँटिबायोटिकचे परिणाम सुनेच्या लघवीच्या आजारात दिसू शकतात. म्हणून ‘माझे पैसे, माझी गोळी, तुम्हाला काय करायचं’ हा युक्तिवाद इथं टिकत नाही. जाता जाता सांगतो, सर्दी आणि साधा फ्लू विषाणूंमुळं होतो आणि विषाणूवर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नसतो.

आता बायांविषयी, आणि इथं मी जरा थांबणार आहे, कारण या आजाराचा मुख्य भार त्यांच्यावरच आहे. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, पुरुषाचा त्याच्या चार-पाच पट लांब. जवळपास निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा आजार होतो. ही शरीराची रचना झाली, तिच्यात कुणाचा दोष नाही. दोष पुढं आहे. सोयाबीनच्या सोंगणीला किंवा कापसाच्या वेचणीला सकाळी निघालेली बाई दिवस मावळताना घरी येते. वावरात आडोसा नसतो, बांधावर माणसं असतात, म्हणून ती पाणीच पीत नाही आणि लागलेली लघवी तासन्‌तास धरून ठेवते. घरी आल्यावर जळजळ होते, पण सांगायचं कुणाला? नवऱ्याला सांगायची लाज, डॉक्टर पुरुष असला तर त्याहून लाज. मग पोराच्या हाती चिठोऱ्यावर गोळीचं नाव लिहून दिलं जातं. मेडिकलवाला कागद वाचतो, चार गोळ्या कापून देतो. दोन दिवस बरं वाटतं, महिन्याभरानं पुन्हा तेच.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. १९८९ मध्ये तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा गुप्तरोग निघाला, आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. तो अभ्यास लघवीच्या आजाराचा नव्हता, पण कमरेखालचं दुखणं विदर्भातली बाई किती अंगावर काढते याचा त्याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. शिवाय अंगावरून पांढरं जाणं, योनीमार्गाचा संसर्ग आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांत जळजळ सारखीच वाटू शकते, औषधं मात्र वेगळी लागतात. मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून हा फरक कुणालाच कळत नाही, विकणाऱ्यालाही नाही.

म्हणून बायांनो, लाज वाटत असेल तर आधी आशाताईंना सांगा, उपकेंद्रातल्या नर्सताईंना सांगा. त्यांच्यापैकी कुणी सोबत आलं तर दवाखान्यात बोलणं सोपं जातं. पाणी मात्र नीट प्या. हा म्हाताऱ्या माणसांचा फुकटचा सल्ला नाही. ज्यांना हा आजार वारंवार व्हायचा आणि ज्या पाणी कमी प्यायच्या अशा १४० स्त्रियांवर वर्षभर अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज दीड लिटर पाणी जास्त पिणाऱ्यांत आजाराच्या खेपा जवळपास निम्म्या झाल्या. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, बार्ली आवडत असेल तर खुशाल घ्या, मात्र ताप आला की त्यावर भागवू नका.

आणि वावरमालकांनो, तुमच्याकडंही मागणं आहे. मजूर बाया लावता तेव्हा वावराच्या एका कोपऱ्यात चार बांबू आणि जुनी ताडपत्री लावून आडोसा करा, पिण्याच्या पाण्याची कॅन ठेवा, आणि लघवीला गेलेल्या बाईच्या वेळेचा हिशेब करू नका. फवारणीच्या औषधावर हजारो रुपये घालणाऱ्याला हा खर्च जड नाही. शाळांतल्या मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी येतं की नाही हे शाळा व्यवस्थापन समितीनं दार उघडून पाहावं.

तपासणीकडे वळू. साध्या तपासणीत लघवीतल्या पू-पेशी दिसतात, म्हणजे संसर्ग असावा एवढं कळतं. कुठला जंतू आहे आणि त्यावर कुठलं औषध चालेल हे कळायला कल्चर करावं लागतं. प्रयोगशाळेत लघवीतला जंतू वाढवतात, मग त्या जंतूंच्या थरावर निरनिराळ्या औषधांच्या छोट्या चकत्या ठेवतात. जे औषध चालतं त्याच्या चकतीभोवती जंतू मरून स्वच्छ वर्तुळ दिसतं. याला दोन-तीन दिवस लागतात. धडधाकट तरुण बाईला पहिल्यांदाच साधी जळजळ झाली असेल तर डॉक्टर कल्चर न करताही योग्य गोळी देऊ शकतात, तो निर्णय त्यांचा. पण पुढच्या माणसांनी कल्चरचा आग्रह धरावाच: गरोदर बाई, लहान मूल, कुठल्याही वयाचा पुरुष, मधुमेही, मुतखडा असलेले, लघवीची नळी घातलेले, नुकतेच रुग्णालयातून घरी आलेले, ज्यांना सहा महिन्यांत पुन्हा तोच त्रास झाला ते, आणि ज्यांना दोन-तीन दिवस औषध घेऊनही उतार नाही ते.

नमुना द्यायची रीत चुकली तर सगळंच फुकट जातं. अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी नमुना द्या, गोळी पोटात गेल्यावर जंतू वाढतच नाही आणि अहवाल खोटा दिलासा देतो. बाटली घरची नको, औषधाची धुतलेलीही नको, प्रयोगशाळेची निर्जंतुक डबीच हवी. हात आणि लघवीची जागा पाण्यानं धुवा, सुरुवातीची धार सोडून द्या, मधली धार डबीत घ्या, झाकणाच्या आत बोट लावू नका. नमुना दोन तासांच्या आत पोचवा. ते शक्यच नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. धनजहून कारंज्याच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत नेताना उन्हात डिक्कीत तापलेला नमुना काहीही दाखवू शकतो. अहवालात ‘मिक्स ग्रोथ’ लिहून आलं तर बहुधा नमुना घेताना गडबड झाली असं समजा आणि पुन्हा द्या. औषधांच्या नावापुढं ‘एस’ असेल तर जंतू त्या औषधाला दबतो, ‘आर’ असेल तर दबत नाही. अहवाल जपून ठेवा, पुढच्या वेळी डॉक्टरांना तो लागतो. पण ‘एस’ वाचून स्वतःच औषध आणू नका. मूत्राशयात चालणारी प्रत्येक गोळी मूत्रपिंडातल्या संसर्गाला पुरत नाही. नायट्रोफ्युरँटॉइन हे १९५० च्या दशकातलं जुनं, स्वस्त औषध मूत्राशयाच्या साध्या संसर्गावर अजूनही चांगलं चालतं, ताप चढलेल्या रुग्णाला मात्र ते तारत नाही. (हे नाव इथं वाचून मेडिकलवर जाऊ नका, मग या लिहिण्याचा उपयोगच काय?)

डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितके दिवस औषध घ्या. काही औषधं एकाच मात्रेत संपतात, काही पाच दिवसांत, मूत्रपिंडाचा संसर्ग असेल तर अधिक. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका आणि ‘अजून थोडी असू दे’ म्हणून लांबवूही नका. शेजारच्या गावातल्या बोगस डॉक्टरकडून सलाईन आणि त्यात एक इंजेक्शन घेऊन येणं तर सरळ धोका आहे. त्या इंजेक्शनमध्ये काय होतं हे पुढच्या डॉक्टरला सांगता येत नाही.

पैशाचं म्हणाल, तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. याउलट दाद न देणारा जंतू रक्तात गेला की खासगी रुग्णालयात एकेका दिवसाचा खर्च हजारांच्या घरात जातो, आणि तो भागवायला सोयाबीन भाव येण्याआधीच विकावं लागतं.

आता मेडिकलवाल्या भावांशी दोन शब्द. तुम्ही आमचेच आहात, रात्री-अपरात्री दुकान उघडता, उधारीही ठेवता. पण कायदा तुम्हाला आमच्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. १ मार्च २०१४ पासून एच-१ परिशिष्ट लागू आहे. सेफिक्सिम, सेफ्ट्रिॲक्झोन, लेव्होफ्लॉक्सॅसिन, मेरोपेनेम अशी औषधं विकताना डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं याची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करायची आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं असतं. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, नॉरफ्लॉक्सॅसिनही चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. पत्त्यावरची ती उभी लाल रेघ त्यासाठीच आहे, केंद्रानं २०१६ मध्ये तिच्यावर मोहीमही काढली. महाराष्ट्रात महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना चिठ्ठीशिवाय विक्री आणि फार्मासिस्टशिवाय चालणारी दुकानं यांच्याविरुद्ध राज्यभर कारवाई झाली होती, औषधविक्रेत्यांनी तेव्हा विरोधही केला. माझं मत विचाराल तर कारवाईचा तो रेटा टिकायला हवा होता.

‘मी नाही दिली तर पलीकडचा देईल,’ हे तुमचं उत्तर मला माहीत आहे आणि ते खरंही आहे. म्हणून हा निर्णय गावातल्या सगळ्या दुकानांनी मिळून घ्यावा. काउंटरवर पाटी लावा: चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळणार नाही. गिऱ्हाईक चिडलं तर पाटीकडं बोट दाखवा. केरळनं जानेवारी २०२४ मध्ये चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणाऱ्या दुकानांवर राज्यभर धाडी सुरू केल्या. तिथलं पहिलं ‘अँटिबायोटिक स्मार्ट’ रुग्णालय म्हणून जे जाहीर झालं ते कुठलं मोठं इस्पितळ नव्हतं, कोळिकोड जिल्ह्यातल्या कक्कोडी गावाचं आरोग्य केंद्र होतं. धनजच्या आरोग्य केंद्राला ते जमणार नाही असं मानायचं मला तरी कारण दिसत नाही.

ज्यांचा माणूस अकोल्याला, अमरावतीला किंवा यवतमाळला भरती आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट. रुग्णालयात होणाऱ्या मूत्रमार्गाच्या संसर्गाचं सर्वांत मोठं कारण म्हणजे लघवीसाठी घातलेली नळी. नळीच्या आतबाहेर जंतूंचा चिकट थर बसतो आणि त्या थरात औषध शिरत नाही. नळी राहील त्या प्रत्येक दिवसाला संसर्गाचा धोका तीन ते सात टक्क्यांनी वाढतो. म्हणून रोज सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरांना नम्रपणे विचारा, ‘साहेब, नळी अजून लागते का?’ सरकारी वॉर्डात विचारायला माणसं बिचकतात. विचारल्यानं कुणी हाकलत नाही, उलट गडबडीत राहून गेलेली नळी निघते. पिशवी रुग्णाच्या कमरेच्या खाली टांगलेली असावी, पण जमिनीला टेकू देऊ नका. बाथरूमला नेताना ती उचलून रुग्णाच्या पोटावर ठेवायची सवय आपल्याकडं सर्रास आहे. तसं केलं की पिशवीतली लघवी उलटी मूत्राशयात जाते. नळी आणि पिशवीचा जोड स्वतः उघडू नका. शिवण्यापूर्वी आणि नंतर हात धुवा, नर्सनं, डॉक्टरनं धुतले नाहीत तर आठवण करून द्या. घरी नळीसकट सोडलेल्या म्हाताऱ्या माणसाची नळी कधी बदलायची याची तारीख कागदावर लिहून घ्या.

म्हाताऱ्या माणसांचा आणखी एक घोळ होतो. काही त्रास नसताना कुठल्या तरी तपासणीत लघवीत जंतू दिसतात आणि लगेच अँटिबायोटिक सुरू होतं. वय झालेल्यांच्या, मधुमेहींच्या आणि नळी असलेल्यांच्या लघवीत त्रास न देणारे जंतू पुष्कळदा असतात, त्यांना हात लावू नये असंच वैद्यकशास्त्र सांगतं. याला मोठा अपवाद गरोदर बाईचा. तिला त्रास नसला तरी लघवीतले जंतू शोधून उपचार करावे लागतात. सोडून दिले तर शंभरातल्या वीस-तीस जणींत संसर्ग मूत्रपिंडापर्यंत जातो, बाळ दिवस भरण्याआधी येऊ शकतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची विशेष तपासणी असते. त्या दिवशी लघवीचा नमुना दिल्याशिवाय घरी येऊ नका. सासूबाईंनी सोबत जावं.

गोठ्याकडंही एक नजर टाका. गाय-म्हैस कासेला सुजली की उरलेलं इंजेक्शन स्वतःच टोचणं, कोंबड्यांच्या पाण्यात वाढीसाठी औषध घालणं, यातूनही असेच हट्टी जंतू तयार होतात. कोलिस्टिन हे माणसांसाठीचं शेवटच्या फळीतलं औषध. खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांकरता त्याच्या विक्रीवर केंद्रानं जुलै २०१९ मध्ये बंदी घातली ती याच कारणानं. जनावराला अँटिबायोटिक दिल्यावर पशुवैद्य सांगतील तितके दिवस त्याचं दूध डेअरीत किंवा घरात वापरू नका.

नवं औषध येईल की, असं म्हणून निर्धास्त राहू नका. येताहेत, ते खरं आहे. चेन्नईच्या ऑर्किड कंपनीत शोधलेल्या एनमेटाझोबॅक्टमला २०२४ मध्ये अमेरिकेनं मंजुरी दिली, तीही मूत्रमार्गाच्या गुंतागुंतीच्या संसर्गासाठीच. पण ही शिरेतून द्यायची, महागडी, रुग्णालयातली औषधं आहेत. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती पेनिसिलिन गरिबाला परवडावं म्हणून. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनं १९४५ सालीच, नोबेल स्वीकारताना, अपुऱ्या डोसनं जंतू निर्ढावतील हे बजावलं होतं. आपण औषध घेतलं, इशारा घेतला नाही.

मागण्या सरकारकडंही आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशिमचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आलाच. धनजसारख्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतून लघवीचे नमुने थंड पेटीत त्या विभागात रोज पोचावेत आणि अहवाल डॉक्टरांच्या फोनवर यावा. आणि वर्षातून एकदा वाशिम जिल्ह्याचा स्वतःचा तक्ता निघावा: आपल्याकडच्या ई. कोलायवर कुठली गोळी चालते, कुठली चालत नाही. सेवाग्रामचे किंवा दिल्लीचे आकडे आपल्या डॉक्टरांना किती दिवस पुरणार?

पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. ठराव छोटाच असावा: गावातली सर्व औषध दुकानं चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देणार नाहीत, प्राथमिक आरोग्य केंद्रातून कल्चरसाठी नमुने पाठवायची सोय व्हावी, आणि ग्राम आरोग्य समितीनं दर तीन महिन्यांनी याचा आढावा घ्यावा. ठरावाची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि अन्न व औषध प्रशासनाला द्या. चिठ्ठीशिवाय विक्रीची तक्रार प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या निःशुल्क क्रमांकावर करता येते.

ग्रामसभेपर्यंत न थांबता करायचं ते एवढं. थंडी वाजून ताप, कंबरेच्या वर एका बाजूला ठणका, उलट्या, लघवीतून रक्त, लघवी अगदी कमी होणं, म्हाताऱ्या माणसाची अचानक बरळ किंवा ग्लानी, यांतलं काहीही दिसलं तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. १०८ ला फोन करून गाडी बोलवा, आणि जाताना आधी घेतलेल्या गोळ्यांचे रिकामे पत्ते सोबत न्या.